तुमच्या नकारांबद्दल आभार

प्रिय ताई,

आमचे वडील, आबा, तुम्हाला ताई म्हणतात म्हणून मीही म्हणते, नाहीतर वयानं तुम्ही माझ्याहून बऱ्याच लहान. हे पत्र चारचौघांत लिहितेय, कारण एकटीला पाठवलं असतं तर ‘अहो, कामच आहे माझं’ म्हणून तुम्ही विषय मिटवला असता. मला त्या कामाबद्दलच, तुमच्या म्युझिक थेरपीबद्दलच, म्हणजे सुरातालानं करायच्या उपचाराबद्दलच तर लिहायचंय. त्यातही ज्या ज्या वेळी तुम्ही आम्हाला ‘नाही’ म्हणालात, त्याबद्दल.

आबांना झटका आला तो मेंदूच्या डाव्या बाजूला. उजवा हात-पाय लुळा पडला आणि वाचा गेली. समोरच्याचं बहुतेक सगळं कळायचं, पण लक्ष्मीपुरीच्या बाजारात जन्मभर गिऱ्हाइकांशी घासाघीस केलेल्या माणसाच्या तोंडून ‘हां’ सोडून काही निघेना. डॉक्टर म्हणाले, वाचाघात. आबा गल्लीतल्या भजनी मंडळाचे म्होरके, त्यामुळं ‘त्यांना गाणं ऐकवा’ हा सल्ला येणारच होता. कोल्हापुरात गाण्यावर मत नसलेला माणूस मिळणं अवघड. शाहू महाराजांनी गवई अल्लादिया खाँसाहेबांना इथं आणलं, गाण्याचा देवल क्लब १८८३ पासूनचा. रिक्षावाल्यालाही वाटतं सुरातलं आपल्याला कळतं, आणि बऱ्याचदा कळतंही. तेव्हा घरात रागांच्या याद्या जमू लागल्या. रक्तदाबाला हा, साखरेला तो, अर्धांगवायूला पहाटे अमुक. एका पाहुण्यांनी तर पेनड्राईव्हच आणून दिला.

तुम्ही तो न लावताच परत केलात. म्हणालात, आवडीचं गाणं ऐकून माणसाला बरं वाटतं, ते जरूर ऐकवा, पण अमक्या रोगावर अमका राग, असा हिशेब कुणी सिद्ध केलेला नाही; आणि नुसतं ऐकवणं हा माझा उपचारही नाही. पाहुण्यांना राग आला. (हा दुसरा राग, त्यावर मात्र चहा चालतो.)

पहिल्या भेटीत तुम्ही गायलाच नाहीत. आई नंतर कुजबुजली, ‘हिला येतंय का गायला?’ तुम्ही विचारत बसलात. ऐकू नीट येतं का, फिट्स कधी आल्यात का, कुठल्या आवाजाचा त्रास होतो का, मंडळात कुठल्या पट्टीत गायचे. स्पीच थेरपिस्टचा कागद मागून घेतलात. मग आबांच्या चेहऱ्याकडं बघत एक ओळ नुसती गुणगुणलात आणि ते कुठं साथ देतात, कुठं सुटतात ते वहीत टिपलंत. पेटीच्या काळी एक पट्टीत गाणारे आबा आता तिथं पोचत नाहीत हे तुम्हाला लगेच कळलं. तुम्ही सूर उतरवून खालच्या काळी पाचवर आणलात. त्या वहीत तारखा होत्या, काय साधायचंय ते होतं, आणि कितपत साधलं ते पुढच्या वेळी त्याच ओळीसमोर लिहिलेलं असायचं.

पुढं तो दिवस आला. तुमच्याबरोबर आबा अभंगाचं अख्खं कडवं म्हणाले, शब्दांसकट. आई रडायला लागली, धाकट्यानं मंडळाला फोन लावला, पेढे आणायला माणूस निघाला. तुम्ही आम्हाला बाहेर नेऊन सांगितलंत की हे चांगलं आहे, पण हे बोलणं नव्हे. पाठ झालेलं गाणं मेंदूत वेगळ्या वाटेनं येतं. वाचा गेलेल्या अनेकांना गाता येतं आणि तरी पाणी मागता येत नाही. त्या घडीला फार कडू वाटलं ते. मात्र आम्हाला आनंदात ठेवून महिनोन् महिने अभंगच म्हणवून घेणं तुम्हाला किती सोपं गेलं असतं, हे आता समजतंय.

त्याऐवजी तुम्ही स्पीच थेरपिस्टना शेजारी बसवून दुसरीच एक पद्धत धरलीत, १९७३ मध्ये बोस्टनच्या तज्ज्ञांनी मांडलेली. रोजच्या गरजेचं छोटं वाक्य घ्यायचं, वरखाली दोनच सुरांत संथ म्हणायचं, आणि अक्षरागणिक रोग्याच्या डाव्या हातानं थाप द्यायची. आधी तुम्ही म्हणायचं, मग दोघांनी, मग तुम्ही मध्येच गप्प व्हायचं. जमलं की सूर हळूहळू काढून घ्यायचा, म्हणजे शेवटी साधं बोलणं उरतं. उजव्या मेंदूची मदत घ्यायची ही त्यामागची कल्पना. ती नेमकी कशी चालते यावर संशोधकांत अजून वाद आहे, हेही तुम्ही लपवलं नाहीत. वाक्यं तुम्ही पुस्तकातली घेतली नाहीत. आमच्या घरात माणसं कशी बोलतात ते ऐकून ‘च्या दे’, ‘नगं’, ‘हिकडं ये’ ही निवडलीत, आणि आमच्या बोलण्यात मुळातच जो हेल आहे त्यालाच थोडं ताणून चाल केलीत. ‘मला चहा हवा आहे’ म्हणायला आबा धडधाकट असतानाही तयार झाले नसते.

चालण्याचं काम फिजिओंबरोबर. तिथंही आधी मोजणी: आबा मिनिटाला किती पावलं टाकतात. तेवढ्याच गतीवर मेट्रोनोम, म्हणजे एकसारखे ठोके देणारं यंत्र, लावायचा, पाऊल ठोक्यावर पडायला लागलं की गती पाच-दहा टक्क्यांनी वाढवायची. मंडळाचा मृदंगवाला हौसेनं साथीला आला, पण रंगात आला की लय चढवायचा. त्याला तुम्ही हसत हसत बाहेर बसवलंत. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यातही, म्हणजे बऱ्याच अभ्यासांच्या एकत्र तपासणीतही, पक्षाघातानंतरच्या चालण्याला तालाचा फायदा होऊ शकतो असं दिसलं, आणि आणखी चांगले अभ्यास हवेत असंही म्हटलंय. दोन्ही वाक्यं तुम्ही एका दमात सांगितलीत. आम्हाला अर्थातच पहिलंच लक्षात राहिलं.

व्हिडिओ काढू दिला नाहीत. आबांना विचारलंत, त्यांनी डावा हात हलवला, विषय संपला. मंडळाचा ग्रुप नाराज झाला; होऊ दे.

धाकट्यानं एकदा फटकन विचारलं, ‘मॅडम, ह्याचं सर्टिफिकेट असतं का?’ मला लाज वाटली. तुम्ही मात्र म्हणालात, ‘विचारायलाच पाहिजे.’ मग सांगितलंत की दोन्ही महायुद्धांतल्या जखमी सैनिकांच्या इस्पितळांत वादक जायला लागले आणि नुसतं वाजवता येणं पुरत नाही हे ध्यानात आलं. १९४४ मध्ये मिशिगनच्या विद्यापीठात पदवीचा अभ्यासक्रम निघाला, १९५० मध्ये अमेरिकेत राष्ट्रीय संघटना झाली. ब्रिटनमध्ये सरकारी नोंदणी असल्याशिवाय ‘म्युझिक थेरपिस्ट’ म्हणवून घेता येत नाही. आपल्याकडं स्पीच थेरपिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडं होते, १९९२ च्या कायद्यानं. त्या यादीत तुमचा पेशा नाही. म्हणजे उद्या कुणीही पेटी घेऊन पाटी लावू शकतो. तेव्हा कुठं शिकलात, रोग्यांबरोबर किती काम केलंत, कुणाच्या देखरेखीखाली केलंत, हे रोग्याच्या माणसांनीच विचारावं, असं तुम्ही म्हणालात आणि स्वतःचे कागद धाकट्यापुढं ठेवलेत. त्यानं ते वाचले की नाही देव जाणे, पण त्या दिवसापासून तो तुम्हाला ‘डॉक्टर’ म्हणायला लागला. तेही तुम्ही थांबवलंत. म्हणालात, ‘मी डॉक्टर नाही.’

शेवटचा नकार आईला सगळ्यात जड गेला. आम्ही फी द्यायला तयार होतो, आबांना तुमची सवय झाली होती, आणि तुम्ही वही उघडून दाखवलंत की बऱ्याच दिवसांत पुढं काही सरकलेलं नाही. म्हणालात, ‘आता रोजचा सराव घरीच, तो आईंना शिकवते, आणि तीन महिन्यांनी बघू.’ आई तो सराव तुमच्यापेक्षा कडक घेते. ‘च्या दे’ला सूर लावावा लागत नाही आता, नुसतं येतं. ‘नगं’ तर इतकं सफाईनं येतं की दोडक्याची भाजी घरात करता येईना. लांब वाक्यं येत नाहीत, माझं नाव अजून अडकतं. आबा काठी घेऊन तालमीपर्यंत जातात.

गेल्या आठवड्यात मंडळातल्या एकांच्या भावाला झटका आला, त्यांनी तुमचा नंबर मागितला. मी म्हटलं, देते, पण आधी डॉक्टरांची आणि स्पीच थेरपिस्टची फाईल तयार ठेवा आणि रागांची यादी घरी ठेवून जा. ते या गुरुवारी फोन करतील. फाईल विसरून आलेच तर माझं नाव सांगून परत पाठवा.

तुमची,
आबांची थोरली
मंगळवार पेठ, कोल्हापूर