कुठलेही कापड चालत नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

शरद ऋतू लागला की पुरवण्यांतून हाताने केलेल्या भेटवस्तूंची सदरे सुरू होतात आणि त्यांत तुकडे जोडून शिवलेले अभ्रे, पांघरुणे हमखास असतात. छायाचित्रे देखणी असतात, सूचना मात्र एका वाक्यात उरकलेल्या: ‘घरात असतील ते तुकडे घ्या, चौकोन कापा आणि जोडत जा.’ असे शिवलेले देतेवेळी छानच दिसते. खरी परीक्षा पहिल्या धुण्यात होते. लाल रंग पांढऱ्यात उतरतो, एक चौकोन आटतो, शेजारचा फुगतो, जुन्या शर्टाचा तुकडा शिवणीलगत विरतो. घरच्या माणसाला दिलेली वस्तू रोज वापरली जाते आणि धुतली जाते. म्हणून नक्षीच्या आधी कापडाबद्दल बोलायला हवे.

एका वस्तूत एकाच जातीचे आणि साधारण एकाच वजनाचे कापड असावे. मध्यम जाडीचे, घट्ट विणीचे सुती सर्वांत सोपे. त्यावर इस्त्रीची घडी बसते, ते टिपेखाली सरकत नाही आणि कापलेल्या कडेचे धागे चटकन सुटत नाहीत. सुतीशेजारी पॉलिएस्टर मिसळलेले कापड लावले की धुतल्यावर सुती आटते, दुसरे आटत नाही, आणि जोडावर चुण्या पडतात. त्या इस्त्रीनेही जात नाहीत. सुती कापड पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के सहज आटते, म्हणजे ३६ इंचांत एक ते पावणेदोन इंच. तेव्हा कापण्याआधी सगळे कापड धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावे. धुतल्यावर येणारा सुरकुतलेला बाज आवडतो म्हणून काही जण मुद्दाम कोऱ्या कापडाचे शिवतात. त्यालाही हरकत नाही, पण मग सगळेच कोरे हवे. अर्धे धुतलेले आणि अर्धे कोरे हा सर्वांत वाईट प्रकार. अगदी लहान तुकडे मशीनमध्ये टाकू नयेत, कडांच्या धाग्यांचा गुंता होतो. ते गरम पाण्यात भिजवून, न पिळता टॉवेलमध्ये दाबून वाळवावेत.

शरदाच्या भेटवस्तूंसाठी सुचवले जाणारे रंग म्हणजे विटकरी, तपकिरी, मोहरी, किरमिजी, गडद हिरवा. नेमके यांतलेच काही रंग सोडण्यात पटाईत असतात. शंका असेल त्या कापडाचा तुकडा आणि पांढरे सुती फडके काचेच्या पेल्यात गरम पाणी व साबणाचा थेंब घालून अर्धा तास ठेवावे. फडक्यावर रंग आला तर कापड पुन्हा धुवावे आणि पुन्हा तपासावे. तिसऱ्यांदाही उतरला तर ते कापड या कामातून बाद. मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्याने रंग पक्का होतो असे ठासून सांगितले जाते, पण आधीच रंगवून विकलेल्या सुती कापडावर त्या उपायाचा भरवसा धरू नये.

आजोबांचे शर्ट, मुलांचे आखूड झालेले फ्रॉक वापरून केलेल्या वस्तूला घरात वेगळेच मोल असते, हे मान्य. पण जुने कापड उजेडासमोर धरून पाहावे. वीण विरळ दिसली किंवा दोन्ही अंगठ्यांनी ताणल्यावर धागे सरकले तर मोह आवरावा. शर्टाची पाठ आणि खालचा घेर बहुधा धड असतो. कोपर, काख आणि कॉलरीलगतचा भाग वगळावा. विरलेला तुकडा नव्या, दणकट कापडाला जोडला तर ताण येताच तोच फाटतो आणि तोही टिपेला लागून, जिथे दुरुस्ती सर्वांत अवघड. टी-शर्टचे कापड स्वेटरसारखे फासांच्या विणीचे असल्याने ताणते, म्हणून कापण्याआधी मागून इस्त्रीने चिकटणारे पातळ फ्युजिंग लावावे. फ्युजिंगची न ताणणारी दिशा टी-शर्टच्या ताणणाऱ्या दिशेवर यायला हवी. उलटे लावले तर लावून न लावल्यासारखेच.

कापताना चौकोनाच्या कडा ताण्या-बाण्याला समांतर असाव्यात. तिरप्या, म्हणजे उरेब कडा हातात घेतल्या तरी लांबतात आणि अशा चार कडा एकत्र आल्या की मधोमध फुगवटा येतो. कापडाचे विणलेले काठ काढून टाकावेत; तिथली वीण घट्ट असते आणि ती निराळी आटते. कापायचे फिरते पाते, त्याखाली ठेवायची चटई आणि पारदर्शक पट्टी असेल तर उत्तम. नसेल तर साचा पुठ्ठ्याचा करू नये. दहा-वीस वेळा पेन्सिल फिरली की पुठ्ठ्याची कड झिजते आणि शेवटचे चौकोन पहिल्यांशी जुळत नाहीत. फाइलच्या जाड प्लास्टिक आवरणाचा साचा टिकतो. खुणा उलट्या बाजूने पेन्सिलने कराव्यात, बॉलपेनची शाई धुण्यात पसरते. इस्त्रीच्या उष्णतेने पुसली जाणारी पेने हल्ली लोकप्रिय आहेत, पण त्यांच्या रेघा कडाक्याच्या थंडीत परत दिसू लागतात. थंड प्रदेशातल्या नातेवाइकांना पाठवायची वस्तू असेल तर हे ध्यानात ठेवलेले बरे.

आता माया, म्हणजे कडेपासून टिपेपर्यंत सोडायचे कापड. या कामातल्या बहुतेक तक्रारींचे मूळ तिच्यात असते. इथे ती पाव इंच असते. कपडे शिवणाऱ्या हाताला अर्ध्या इंचाची सवय असते, पण तुकडेजोडीत एकेका कोपऱ्यावर चार तुकडे भेटतात आणि अर्ध्या इंची मायेने तिथे गाठोडे होते. पाव इंचाहून कमी घेतली तर धागे सुटून शिवण उसवते. तेव्हा तयार चौकोन ४ इंचांचा हवा असेल तर ४½ इंचांचा कापायचा. आपली टीप खरी पाव इंचावर पडते का, हे तपासायला दीड-दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या शेजारी जोडाव्यात. इस्त्रीनंतर मधली पट्टी नेमकी १ इंच आणि एकूण रुंदी ३½ इंच भरायला हवी. बहुतेकांची थोडी कमी भरते, कारण कापड टिपेवर दुमडताना एखाद्या धाग्याइतकी रुंदी घडीत जाते. म्हणून टीप पाव इंचाच्या रेघेवर न मारता, तिच्यापेक्षा धागाभर कडेच्या बाजूला मारावी. ती जागा सापडली की मशीनच्या पाट्यावर चिकटपट्टी लावून टाकावी.

एवढ्याशा फरकाने काय होते? माया १/१६ इंच जास्त गेली तर ती दोन्ही तुकड्यांतून जाते, म्हणजे एका जोडाला १/८ इंच. आठ चौकोनांच्या रांगेत सात जोड असतात. रांग ७/८ इंचाने आखूड झाली. प्रत्येक रांगेत तीच चूक तितकीच झाली तर वस्तू थोडी लहान होते, एवढेच. खरा घोटाळा रांगेरांगेत वेगवेगळी चूक झाल्याने होतो. मग कोपरे जुळत नाहीत, ते जुळवायला कापड ओढले जाते आणि ओढलेले कापड धुतल्यावर मूळ जागी जाऊ पाहते. आमचे मत असे, की नवशिक्याने अचूकतेपेक्षा सातत्य आधी साधावे.

मशीनची टीप २ ते २.५ मिलिमीटर आणि जोडकामाला १२ नंबरची सुई पुरते. हाताने जोडायचे असेल तर इंचाला आठ-दहा टाक्यांचा धावदोरा घालावा आणि दर चार-पाच टाक्यांनी एक उलटा टाका घ्यावा, म्हणजे दोरा एका जागी तुटला तरी अख्खी रांग सुटत नाही. प्रत्येक जोडाला लगेच इस्त्री हवी: आधी मिटलेल्या टिपेवर, मग उघडून. इस्त्री उचलून दाबावी, फिरवू नये, फिरवल्याने कडा लांबतात. माया गडद कापडाकडे वळवावी, नाहीतर फिक्या कापडातून तिची काळसर सावली दिसते. मात्र रांगा एकमेकींना जोडायच्या असतील तेव्हा पहिल्या रांगेच्या माया उजवीकडे, दुसरीच्या डावीकडे हा क्रम महत्त्वाचा. दोन जोड समोरासमोर आणले की ते एकमेकांत अडकतात आणि कोपरा आपोआप जुळतो. सावली टाळणे आणि कोपरा जुळणे यांच्यात निवड करायची वेळ आली तर आम्ही कोपऱ्याच्या बाजूने कौल देऊ.

पहिली भेट म्हणून १६ इंची उशीचा अभ्रा योग्य. ४½ इंचांचे सोळा चौकोन, चार रांगा. जोडल्यावर १६½ इंच, कडेची माया जाऊन १६. मागच्या बाजूला चेन नको, १६½ बाय ११½ इंचांचे दोन तुकडे घ्यावेत. प्रत्येकाची एक लांब कड अर्धा इंच आणि पुन्हा अर्धा इंच दुमडून शिवली की रुंदी १०½ उरते आणि दोन्ही तुकडे साडेचार इंच एकमेकांवर येतात. हे अंतर चारच्या खाली गेले की भरलेल्या उशीवर मागची फट आ वासते. अभ्र्याच्या आतल्या कडा एकदा झिगझॅगने बंद कराव्यात, तिथे अस्तर नसल्याने धुण्यात धागे निघतात.

मांडीवर घ्यायचे पांघरूण हे पुढचे काम. ४८ बाय ६० इंचांसाठी ६½ इंचांचे ८० चौकोन, आठच्या दहा रांगा. ४४ इंची पन्ह्याच्या कापडात काठ काढून साधारण ४२ इंच मिळतात, म्हणजे एका पट्टीत सहा चौकोन. चौदा पट्ट्या लागतात. सगळे रंग मिळून अडीच मीटर धरावे. अस्तर प्रत्येक बाजूने ४ इंच मोठे, म्हणजे ५६ बाय ६८ हवे. पूर्ण पन्ह्याचे, ५६ इंच लांबीचे दोन तुकडे शेजारी जोडून ते भागते, कापड ३ मीटर. अस्तर उलटे पसरून कडांना चिकटपट्टी लावावी, त्यावर मधला थर, त्यावर जोडलेला भाग सुलटा. दर हातभर नव्हे, तर तळव्याच्या रुंदीइतक्या अंतरावर सेफ्टी पिना किंवा कच्चे टाके घालावेत. इथला कंटाळा मागे अस्तराच्या घड्यांत दिसतो. तिन्ही थरांतून जाणारी टीप मध्यापासून कडेकडे न्यावी, तेव्हा १४ नंबरची सुई आणि थोडी लांब टीप. मधला थर सुट्या कापसाचा असेल तर टिपांमधले अंतर ३-४ इंचांपेक्षा जास्त नको, नाहीतर धुण्यात कापूस एका कोपऱ्यात गोळा होतो. जुन्या सुती चादरीचा मधला थर हा गोधडी शिवणाऱ्यांचा शहाणपणाचा मार्ग: पातळ असतो, पण गोळा होत नाही आणि हाताने टाके घालायला मऊ जातो.

कडेची पट्टी २½ इंच रुंद, दुहेरी दुमडून. एकूण परिघ २१६ इंच, त्यात १२ इंच वाढवून सहा पट्ट्या लागतात. त्या एकमेकींना तिरप्या जोडाव्यात म्हणजे जाडी एका जागी साठत नाही. कोपऱ्याला पाव इंच आधी थांबून पट्टी वर आणि मग खाली दुमडली की कोपरा टोकदार येतो. सरळ कडांना सरळ कापलेली पट्टी चालते. उरेब पट्टी हवी ती फक्त गोल कडांना, उगाच कापड वाया घालवू नये.

भांडी धरायचे हातरुमाल द्यायचे असतील तर वरपासून मधल्या थरापर्यंत सगळे सुती आणि दोराही सुती घ्यावा. पॉलिएस्टर उष्णतेने मऊ पडते, वितळते. ८ इंची हातरुमालात सुती भरणाचे दोन थर लागतात. चकाकणारे उष्णतारोधक अस्तर घातले असेल तर तो रुमाल मायक्रोवेव्हमध्ये जाऊ नये, हे देतानाच सांगावे. बाळासाठी शिवत असाल तर बटणे, मणी, सैल फिती नकोत. एक वर्षाखालच्या बाळाच्या झोपण्याच्या जागी सैल पांघरूण ठेवू नये असे बालरोगतज्ज्ञ सांगतात, तेव्हा ३६ इंची चौकोनी बैठक शिवावी, तिच्यावर ते जागेपणी खेळेल.

आणखी एक. या ऋतूत दिवस आखडत जातात आणि काम संध्याकाळी दिव्याखाली होते. पिवळ्या उजेडात गडद निळा आणि काळा, मोहरी आणि फिका तपकिरी सारखेच भासतात. चौकोनांची मांडणी दिवसाउजेडी करून, तिचा कृष्णधवल फोटो काढून पाहावा. त्यात सगळे एकाच करड्या छटेचे दिसले तर रंग कितीही वेगळे असोत, नक्षी दुरून दिसणार नाही. मांडणी ठरली की रांगांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या टाचून ठेवाव्यात. शिवणे मग रात्री केले तरी चालते.

वस्तू देण्यापूर्वी एकदा घरी धुवावी. रंग, आटणे, सुटलेली टीप, जे काय व्हायचे ते आपल्या हातात असताना होऊ द्यावे. आणि मागच्या कोपऱ्यात छोटी कापडी पट्टी शिवावी: कापड सुती, गार पाण्यात धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. घेणाऱ्याला हे विचारायला संकोच वाटतो आणि न विचारता तो ती गरम पाण्यात टाकतो.

कळावे,
आपल्या,
शिवणकाम करणाऱ्या काही वाचक