किलो आणि नगांमधला हिशेब शिकवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि.

ईआरपी, म्हणजे स्टोअर, खरेदी, उत्पादन आणि हिशेब एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर, घ्यायचं म्हणजे तिघांना डेमोला बोलवायचं आणि ज्याचा स्क्रीन देखणा त्याला ऑर्डर द्यायची, हा आमचा समज तुम्ही मोडलात. सॉफ्टवेअरचं नावही न काढता तुमचा पहिला प्रश्न होता, "बार घेता किलोत, पार्ट देता नगांत. मधला हिशेब कोणाच्या डोक्यात आहे?"

तो हिशेब इथे सविस्तर मांडतो, कारण टर्निंगवाल्यांचं, म्हणजे लेथवर बारपासून पार्ट काढणाऱ्यांचं, ईआरपी बहुधा तिथेच फसतं. २५ मिमीचा स्टीलचा गोल बार घ्या. व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला ३.८६ किलो; सहा मीटरचा बार २३.१५ किलोचा. पार्ट ८२ मिमीचा. ड्रॉइंगवरून बीओएम (एका नगाला लागणाऱ्या मालाची यादी) भरला की नगाला ३१६ ग्रॅम येतात. पण प्रत्येक कापाला ३ मिमी जातात, त्यामुळे ७३ नव्हे, ७० नग निघतात आणि ५० मिमीचा तुकडा उरतो. खरा खप नगाला ३३१ ग्रॅम. महिन्याला २०,००० नग काढले की कॉम्प्युटरवर सुमारे २८५ किलो जास्त दिसतात, रॅकवर ते नसतातच. प्लॅनिंग त्या आकड्यावर विसंबून खरेदी थांबवतं, मशीन उभं राहतं आणि शिव्या खातं सॉफ्टवेअर. म्हणून खप कापासकट भरायचा, तुकडे भंगाराच्या वेगळ्या कोडवर जमा करायचे आणि निगेटिव्ह स्टॉकची, म्हणजे शिल्लक नसलेला मालही खर्ची टाकण्याची, मुभा बंद ठेवायची. ही मुभा "तात्पुरती" म्हणून चालू केली की ती कायमची होते, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं.

डेमोचंही तसंच. विकणाऱ्याच्या नमुना डेटावर सगळंच चालतं. तुम्ही आपलेच कागद पुढे ठेवायला लावलेत: अर्धाच आलेला माल, इन्स्पेक्शनला नापास झालेला लॉट, प्लेटिंगहून कमी परत आलेले नग, दरफरकाची डेबिट नोट, २४ तासांच्या आत रद्द करायचं ई-इनव्हॉइस. प्रत्येकापुढे चारच उत्तरं: तयार आहे, सेटिंगने होईल, प्रोग्रॅमिंग लागेल, होत नाही. तिसऱ्या उत्तराचा खर्च लेखी घ्यायचा, आणि पुढची आवृत्ती आल्यावर ते पुन्हा तपासणार कोण हेही. "होऊन जाईल साहेब" हे पाचवं उत्तर तुम्ही मोजलंच नाहीत!

जॉबवर्कचं चलन, म्हणजे बाहेरून काम करून घ्यायला पाठवलेल्या मालाचा कागद, हा मुद्दा एरवी सुटलाच असता. पाठवलेला कच्चा माल वर्षात परत आला नाही, तर जीएसटीच्या नियमाने तो पाठवल्या दिवशीच विकला असं धरतात. त्यामुळे चलनवार शिल्लक आणि तिचं वय दाखवणारा रिपोर्ट यादीत वर गेला. जुनी नोंद मागमूस न ठेवता पुसता येते, हे कौतुकाने सांगणाऱ्याला तुम्ही तिथेच बाद केलंत. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदलांची नोंद राहणं सक्तीचं आहे, हे त्याला ठाऊक नसावं.

मुंबईत घडलेलं ईआरपीनेक्स्ट हे पॅकेज मुक्त स्रोताचं, म्हणून फुकट, असं वाटत होतं. लायसन्सचे पैसे वाचतात. सर्व्हर, बॅकअप, डेटा साफ करणं आणि शिकवणं यांचे वाचत नाहीत. एकाच बेअरिंगला तीन आयटम कोड असले, तर ते कोणत्याही पॅकेजमध्ये तीनच राहतात.

नवं सॉफ्टवेअर १ एप्रिललाच सुरू करावं, या तुमच्या म्हणण्याशी मात्र थोडा वाद घालतो. अकाउंट्सला १ एप्रिलच सोयीची, कारण ओपनिंग बॅलन्स सरळ येतो. पण मार्चअखेर तीच माणसं मोजणीत आणि ऑडिटच्या तयारीत अडकलेली असतात. महिन्याची १ तारीख असावी, एवढं मान्य. ती एप्रिलचीच हवी, हे नाही.

रॅकवरची बिन कार्डं (मालाची आवक-जावक हाताने लिहायची कार्डं) तुमच्या सांगण्यावरून अजून लटकलेली आहेत. सलग तीन मोजण्या कॉम्प्युटरशी जुळल्या की काढू.

मनापासून आभार.

आपली,
स्टोअर, प्लॅनिंग आणि अकाउंट्सची मंडळी
सातपूर, नाशिक