करार वाचताना आधी दुखापतीचं कलम

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

एजंटने पाठवलेला क्रोएशियाच्या फुटबॉल क्लबचा कराराचा मसुदा वाचला. बाबांनी पगाराच्या युरोंचे लगेच रुपये करून पाहिले. मी शोधत होते ते कलम वेगळं: पाय पुन्हा गेला तर काय? त्यावर मसुद्यात दोनच ओळी आहेत, 'वैद्यकीय खर्च क्लबच्या धोरणानुसार' आणि 'दीर्घ दुखापतीत करार संपवण्याचा अधिकार क्लबला राहील'. दोन वर्षांत तीनदा हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, फाटलेल्या विंगरने (कडेने वेगात धावणाऱ्या खेळाडूने) अशा कागदावर सही करायची नाही.

आधी पायाचं बघू, कारण कराराची वेळ त्यावरच ठरते. युरोपातल्या मोठ्या क्लबांच्या दुखापतींची नोंद युएफाचा, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाचा, अभ्यास २००१ पासून ठेवतो आहे. एकूण दुखापतींत हॅमस्ट्रिंगचा वाटा तेव्हा १२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये तो २४ टक्क्यांवर गेला. यातल्या साधारण १८ टक्के दुखापती उलटलेल्या, म्हणजे पुन्हा झालेल्या असतात, आणि उलटणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून जास्त दुखापती खेळाडू मैदानात परतल्यावर पहिल्या दोन महिन्यांत उलटतात. तू जानेवारीच्या शेवटी परतणार आणि एजंट फेब्रुवारीत ट्रायल ठेवतोय. नेमका धोक्याचा काळ, त्यात थंडी, अनोळखी मैदान आणि स्वतःला सिद्ध करायची घाई. एप्रिलच्या आधी ट्रायल नको, असं त्याला स्पष्ट कळव. ट्रायलला जाशील तेव्हा क्लबचं लेखी निमंत्रण हवं आणि तिथे दुखापत झाली तर खर्च कोणाचा, हेही त्यात हवं. साध्या प्रवास विम्यातून व्यावसायिक खेळ बहुतेक वेळा वगळलेला असतो.

एमआरआयच्या रिपोर्टवर नुसतं 'ग्रेड टू' (अर्धवट फाटलेलं) लिहिलंय, तेवढ्याने भागत नाही. फाटलंय ते स्नायूत की आतल्या टेंडनमध्ये (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीत), हे रेडिओलॉजिस्टकडून लिहून घे. टेंडनपर्यंत गेलेली जखम जास्त वेळ घेते आणि जास्त वेळा उलटते. तुझा जीपीएसवरचा सर्वाधिक वेग ताशी ३३ किलोमीटर आहे. सरावात ३१ च्या पुढे तू अनेकदा गेला नसशील, तर दुखत नसलं तरी तू मॅचला तयार नाहीस. नॉर्डिक, म्हणजे गुडघ्यांवर राहून सावकाश पुढे झुकायचा व्यायाम, थांबवू नकोस. पुन्हा सुरू करताना पहिल्या आठवड्यात एकदाच, ५ चे दोन सेट; मग हळूहळू वाढवत पाचव्या आठवड्यापासून १२, १० आणि ८ चे तीन सेट. लीग सुरू असताना आठवड्यातून एकदा पुरे, पण मॅचच्या आदल्या दिवशी अजिबात नाही. मुलं हा व्यायाम सोडतात ते पहिल्या आठवड्यातल्या अंगदुखीमुळे, आणि ती अंगदुखी होते सुरुवातीलाच जास्त केल्यामुळे.

आता कागद. तुझा इथला करार ३१ मे रोजी संपतो. शेवटचे सहा महिने उरले की दुसऱ्या क्लबशी सही करायला फिफाचे नियम मोकळीक देतात, फक्त बोलणी सुरू करण्याआधी त्या क्लबने तुझ्या क्लबला लेखी कळवायला हवं. ते पत्र गेलंय का, एजंटला विचार. फिफाच्या यादीत त्याचा परवाना चालू आहे का, तेही बघ. दुसरं, 'वैद्यकीय तपासणीत पास झाल्यास' किंवा 'वर्क परमिट मिळाल्यास करार लागू' ही अट फिफाच्या नियमांतल्या १८व्या कलमानुसार चालत नाही. म्हणून तपासणी सहीच्या आधी उरकायची, आणि जुने रिपोर्ट सगळे दाखवायचे. लपवलंस तर उद्या भांडणात तेच तुझ्यावर उलटेल.

पगाराचे दोन पर्याय त्यांनी दिलेत. पहिला, महिना २,५०० युरो आणि प्रत्येक सामन्याचे ३००. दुसरा, सरळ महिना ३,००० युरो. वर्षाला पक्के ३०,००० की ३६,०००, म्हणजे फरक ६,००० चा आणि बरोबरी होते २० सामन्यांवर. गेल्या दोन मोसमांत तू १४ आणि १७ खेळलास. दुसरा घे. पहिलाच घ्यावा लागला, तर बदली म्हणून पाच मिनिटं उतरलास तरी सामना धरणार का आणि कपचे सामने मोजणार का, हे लिहून घे. शिवाय आकडा हातात पडणारा आहे की कर कापण्याआधीचा, यावर मसुदा गप्प आहे.

दुखापतीच्या कलमात माझ्या मते एवढं हवंच: करार संपेपर्यंत पूर्ण पगार, दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचा आणि सर्जन निवडायचा हक्क, शस्त्रक्रिया आणि रिहॅबचा खर्च क्लबचा, करार संपल्यावरही रिहॅब पूर्ण होईपर्यंत, आणि घरी रिहॅब करायचं ठरलं तर विमानाचं तिकीट. करार संपवायच्या अधिकाराची ओळ काढून टाकायला सांग. नुसती दुखापत हे करार तोडायला योग्य कारण नाही, हे फिफाच्या निवाड्यांमधून वारंवार आलंय. क्लबांनाही ते माहीत असतं. म्हणून ते तोडत नाहीत, 'परस्पर संमती'चा कागद पुढे करतात. जायबंदी मुलगा, परका देश, न वाचता येणारी भाषा, आणि सही होऊन जाते. तसा कागद आला तर फक्त फोटो काढून पाठवायचा.

दोन महिन्यांचा पगार थकला तर लेखी नोटीस द्यायची आणि १५ दिवस वाट बघायची. तरी आला नाही तर करार तोडायचा हक्क तुझा. फिफाकडे दावा दोन वर्षांच्या आत करावा लागतो, खेळाडूला त्याची फी नाही. आपल्याकडची खेळाडूंची संघटना एफपीएआय यात मदत करते. सभासद हो.

भारताचा बचावपटू संदेश झिंगनचं उदाहरण समोर ठेव. २०१९ मध्ये गुडघ्याचं लिगामेंट गेलं, अख्खा मोसम गेला. सावरून २०२१ मध्ये तो क्रोएशियाच्याच शिबेनिक क्लबला गेला, तिथे पुन्हा दुखापत झाली, आणि जानेवारी २०२२ मध्ये एकही सामना न खेळता एटीके मोहन बागानकडे परतला. त्याची कारकीर्द संपली नाही, कारण इथे त्याला जागा होती. तुझ्यासाठी ती जागा म्हणजे इथल्या क्लबशी बिघाड न करता निघणं. अर्थात २०२५ च्या जुलैत आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीगच थांबवली गेली आणि काही क्लबांनी पगार रोखले, तेव्हा इथेच थांबणं जास्त सुरक्षित, असंही मी म्हणणार नाही.

जर्मनीतल्या लीगच्या खालच्या विभागांचा विचार सोड. तिथे युरोपबाहेरच्या व्यावसायिक खेळाडूला व्हिसासाठी, पेन्शनची वर्गणी ज्या कमाल पगारापर्यंत मोजतात त्याच्या निम्मा पगार लागतो. २०२५ च्या आकड्याने तो महिना ४,०२५ युरो होतो. पाचव्या विभागातला क्लब तेवढा देत नाही. इंग्लंडचा परवाना गुणांवर मिळतो, आणि भारताचा फिफा क्रमांक बघता ते दार जवळपास बंदच आहे.

एक घरचं. मे महिन्यात सुट्टीला आलास की पेठेतली मंडळी कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर एक मॅच खेळ म्हणतील. नाही म्हण. करार चालू असताना बाहेर खेळून पाय गेला, तर क्लबही हात वर करेल आणि विमाही. राग आला तर माझ्याकडे पाठव त्यांना.

कोचिंगचं डी लायसन्स याच उन्हाळ्यात करून टाक, पाय बरा असतानाच. इंग्लंडचा मिडफिल्डर जॅक विल्शर जुलै २०२२ मध्ये तिशीत निवृत्त झाला आणि काही दिवसांतच आर्सेनलच्या अठरा वर्षांखालच्या संघाचा प्रशिक्षक झाला. क्लब नसताना आर्सेनलमध्येच सराव करत त्याने त्याची तयारी सुरू केली होती.

मसुद्याची क्रोएशियन प्रतही मागव. दोन भाषांत फरक निघाला तर कुठली प्रत ग्राह्य, हे बहुधा शेवटच्या पानावर असतं. आपल्याकडे आलेल्या फाइलमध्ये ते पान नाही.

तुझी,
आई