सगळे वार्डीचंच नाव घेतात

लेस्टर,
सप्टेंबर 2025

प्रिय दिग्या,

पत्र बघून चक्रावशील. फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू दुसऱ्या वाक्याला 'होतंय रे सगळं नीट' म्हणतोस आणि विषय मिटतो. कागदावर मला मधे तोडता येणार नाही. तेव्हा मर्दा, बसून वाच.

इकडे सगळ्यांची तब्येत ठीक. आईचा गुडघा तसाच, माझी शुगर ताब्यात. झालं.

आमच्या शंभूला फुटबॉल ॲकॅडमीनं काढून टाकलं हे तुला वैभ्यानं सांगितलंच असणार. कसं काढलं ते मात्र कुणालाच सांगितलेलं नाही. मार्चमध्ये आम्हा तिघांना बोलावलं. एक कोच आणि फाइल घेऊन बसलेली एक बाई. कोचनं टेबलावरून एक आलेख पुढे सरकवला. पोराची वेळोवेळी घेतलेली उंची, वजन, आणि खाली आमच्या दोघांच्या उंचीवरून काढलेला अंदाज, की हा मोठेपणी किती उंच होईल. रेघ संपते तिथे बोट ठेवून तो म्हणाला, वेग आहे, डोकं आहे, पण अंगानं कमी पडेल. बोलला चांगलं, त्यालाही जड जात होतं. शंभू त्याच्याकडे बघतच नव्हता. कागदावरच्या त्या दोन आकड्यांकडे बघत होता, आईची उंची आणि बापाची उंची. दिग्या, पोरानं काही चूक केली असती तर बरं झालं असतं असं वाटलं मला त्या खोलीत.

तेव्हापासून जो भेटेल तो एकच सांगतो: वार्डीलाही सोळाव्या वर्षी काढलं होतं. खरं आहे ते. परवापर्यंत लेस्टरचा स्ट्रायकर असलेला जेमी वार्डी मूळचा शेफील्डचा, तिथल्या शेफील्ड वेन्सडे क्लबचा लहानपणापासूनचा भक्त, आणि त्याच क्लबनं त्याला सोळाव्या वर्षी अंगानं लहान म्हणून घरी पाठवलं. काही महिने त्यानं बॉलला पायच लावला नाही. मग स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्स, पोलादाच्या कारखान्याच्या गावातला क्लब, आठवड्याला तीस पौंड. दिवसा फॅक्टरीत मोडलेल्या हातापायांना लावायचे स्प्लिंट बनवायचे आणि संध्याकाळी सराव. 2007 साली एका बहिऱ्या मित्राची टिंगल करणाऱ्यांशी मारामारी झाली, शिक्षा लागली, पायाला इलेक्ट्रॉनिक पट्टा आला. संध्याकाळी सहाच्या आत घरात हवा. लांबच्या गावी मॅच असली की तासभर खेळायचा, बदली घ्यायचा, कुंपणावरून उडी मारून थेट आईबापांच्या गाडीत. आता स्टॉक्सब्रिजच्या मैदानावरच्या स्टँडला त्याचं नाव आहे.

2010 मध्ये हॅलिफॅक्सनं पंधरा हजार पौंडांना घेतला, पुढच्या वर्षी फ्लीटवूडनं दीड लाखाला. तिथे एका हंगामात 31 लीग गोल. 2012 मध्ये आमच्या लेस्टरनं दहा लाख पौंड मोजले. बिगरलीग, म्हणजे वरच्या चार लीगच्या खालच्या, क्लबातल्या खेळाडूला तोवर कुणी एवढे दिले नव्हते. त्याच्या नाश्त्याचं तुला मागे सांगितलं होतं, मॅचच्या दिवशी रेड बुलचे तीन डबे. तू मॅचआधी कट वाढवून मिसळ हाणायचास आणि सर शिट्टी घेऊन मागे लागायचे. वेगाच्या बाबतीत तुमचं दोघांचं बरं जमलं असतं.

गणपतीत इथली मराठी मंडळी जमली होती. आरती झाली, प्रसाद वाटून झाला, आणि चौघांनी मिळून शंभूला वार्डी ऐकवायला घेतला. सगळे प्रेमानंच बोलत होते. तो ऐकत राहिला. मग अगदी शांतपणे म्हणाला, "काका, त्या वर्षी शेफील्डमधून त्याच्याबरोबर जी मुलं काढली, त्यातल्या एकाचं तरी नाव सांगा." कुणाला सांगता आलं नाही. तो ताट ठेवायला आत गेला.

मला तू दिसलास तिथे. निवडीची यादी लागली, तुझं नाव नव्हतं, आणि गांधी मैदानाच्या कट्ट्यावर तू मला म्हणालास, "निवड झालेल्यांच्या गोष्टी मला सांगू नकोस." दिग्या, आपल्या सगळ्या टोळक्यात ही गोष्ट तुझ्याइतकी कुणाला कळणार? म्हणून हे पत्र.

आता माझं डोकं कशानं कुरतडतंय ते सांगतो. ऑगस्टअखेर इथून थोड्या अंतरावरच्या एका लहान क्लबाच्या माणसाचा मला फोन आला. मंगळवारी-गुरुवारी सराव, शनिवारी मॅच, पैसे नावापुरते. पोराला पाठवा म्हणाला. शंभूला निरोप दिला. 'बघू' म्हणाला. अजून बघतोच आहे. कॉलेज सुरू झालंय, अभ्यास करतो, उलट उत्तर देत नाही. ॲकॅडमीचा तो ट्रॅकसूट, छातीवर स्वतःची आद्याक्षरं असलेला, घरात उलटा करून घालतो. शिवण बाहेर, अक्षरं आत. हिनं एकदा सुलटा करून घडी घातली, तर पुन्हा उलटा.

जा म्हणू की गप्प बसू? जा म्हटलं तर मीही त्या चौघांतलाच होतो. गप्प बसलो तर त्याला वाटेल बापानंही त्या आलेखावर सही केली.

वार्डीची गोष्ट लोक जिद्दीची म्हणून सांगतात आणि मला ते अपुरं वाटतं. लेस्टरमधल्या पहिल्या हंगामात त्याचे लीगमध्ये चार गोल झाले, लोकांनी वाट्टेल ते लिहिलं, आणि तो खेळच सोडायला निघाला होता. तेव्हा मॅनेजर नायजेल पिअर्सन आणि त्याचा सहायक क्रेग शेक्सपिअर यांनी त्याला बसवून सांगितलं, तू इथलाच आहेस, आम्ही तुला सोडत नाही. जिद्द त्याच्याकडे होतीच, पण त्या आठवड्यात ती संपली होती. दुसऱ्यांनी धरून ठेवला म्हणून पुढचं झालं. शिवाय पायाखाली शिडी होती. इथे गल्लीतल्या क्लबानं लीग जिंकली की तो वरच्या लीगमध्ये जातो, त्यावरची जिंकली की आणखी वर, थेट प्रीमियर लीगपर्यंत. खाली चांगलं खेळणाऱ्यावर वरच्यांचा डोळा असतो. आपल्याकडे कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठेच्या मॅचला मुंगीला शिरायला जागा नसते, पण तिथे तीन गोल मारलेल्या पोरानं दुसऱ्या दिवशी जायचं कुठे? अनिकेत जाधव कोल्हापूरचा, 2017 च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला, पण त्यासाठी त्याला लहानपणीच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत जावं लागलं. तुझ्या वेगाला पेठेबाहेर वाटच नव्हती. मला याचा आजही राग येतो, आणि तू 'जाऊ दे' म्हणतोस त्याचाही येतो.

वार्डीवरून तू माझ्याशी भांडला होतास ते आठवतं का? 2015 मध्ये कॅसिनोत एका जपानी माणसाला तो वंशावरून घाण बोलला, ऑगस्टमध्ये व्हिडिओ बाहेर आला. त्यानं माफी मागितली, क्लबनं दंड केला. तू विचारलंस, उद्या तुला असं कुणी बोललं तर? मी उत्तर दिलं नव्हतं, आता देतो. ते मला लागलं होतं आणि अजून लागतं. त्याच हंगामात त्यानं सलग अकरा लीग सामन्यांत गोल केले, व्हॅन निस्टलरॉयचा दहाचा विक्रम मोडला, सट्टेबाजांनी पाच हजारास एक भाव दिलेला आमचा क्लब चॅम्पियन झाला, आणि व्हिक्टोरिया पार्कमधल्या मिरवणुकीत सात वर्षांचा शंभू माझ्या खांद्यावर बसून घसा बसेपर्यंत ओरडला. दोन्ही खरं आहे. एकानं दुसरं पुसलं जात नाही.

गेल्या 18 मे रोजी त्याची लेस्टरकडून शेवटची मॅच होती, इप्सविचशी. क्लब आधीच खालच्या लीगमध्ये घसरलेला. पाचशेवा सामना आणि त्यात दोनशेवा गोल. अडतीस वर्षांचा माणूस! शंभू माझ्या शेजारी उभा राहून टाळ्या वाजवत होता. वार्डीवर नाराज नाही तो. फक्त त्याच्या नावाचं औषध कुणी पाजायला आलं की तोंड मिटून घेतो. आता वार्डी इटलीत, क्रेमोनेसेकडे. ती बातमी मला शंभूनंच सांगितली.

तुझ्याबद्दल विचारायचं राहिलंच. स्लॅब पडला का? वहिनींची बदली रद्द झाली हे ऐकून बरं वाटलं. सईचं दहावीचं वर्ष, तिला उगीच क्लासवर क्लास लावू नका. आणि ती पेनल्टी तू मला द्यायला हवी होतीस, यावर मी ठाम आहे.

आता काम सांगतो. त्या यादीनंतर तू काही दिवस मैदानाकडे फिरकला नाहीस, आणि मग एका संध्याकाळी बूट घेऊन हजर झालास. पुढे कितीतरी वर्षं पेठेकडून खेळलास. मधे काय झालं ते तू कधी बोलला नाहीस, आम्हीही विचारलं नाही. मला नको सांगूस. शंभूला सांग. जा म्हण, नको जाऊस म्हण, तुला वाटेल ते म्हण, मी त्यात पडणार नाही. तू वार्डी झाला नाहीस आणि तरी खेळलास, असा त्याच्या ओळखीचा तू एकटाच आहेस.

रविवारी त्याला फोन कर. इथले दुपारचे दोन म्हणजे तुमचे साडेसहा, तेव्हा तो घरी असतो. मराठी त्याला सगळं समजतं, फक्त तुझं कोल्हापुरी जरा सावकाश सोड. नंबर वैभ्याकडे आहे. मी फोन करायला सांगितलंय असं त्याला कळू देऊ नकोस, नाहीतर उचलणार नाही.

काकांना नमस्कार, सईला आशीर्वाद.

तुझा,
बाळ्या