शेवेवर नऊ वर्षे आळ

महोदय,

काल आपल्या आरोग्याच्या पानावर रक्तदाबाविषयीचा लेख वाचला. राग शांत झाल्यावर लिहावे म्हणून एक रात्र जाऊ दिली, परंतु तो काही शांत झाला नाही. ‘मीठ जास्त खाल्ले की अल्डोस्टेरॉन वाढते’ हे वाक्य आपण ठळक चौकटीत छापले आहे आणि ते नेमके उलटे आहे. अल्डोस्टेरॉन म्हणजे शरीरात मीठ धरून ठेवणारे संप्रेरक. मीठ भरपूर पोटात गेले की मूत्रपिंडातून स्रवणारे रेनिन कमी होते, त्यामागोमाग त्याच्या इशाऱ्यावर चालणारे अँजिओटेन्सिन आणि अल्डोस्टेरॉनही उतरते, आणि जास्तीचे मीठ लघवीवाटे निघून जाते. मीठ कमी केले की ही तिन्ही चढतात.

ज्यांच्या शरीरात ही व्यवस्था बिघडते त्यांचे काय, याविषयी लेखात एक ओळही नाही, आणि माझे दुखणे तिथेच आहे. माझ्या यजमानांचा रक्तदाब तीन गोळ्या घेऊनही १७०/१०० च्या खाली येत नव्हता. नऊ वर्षे जो तो, त्यात नातेवाईक आले, डॉक्टर आले आणि खोटे कशाला बोलू, मीही आले, त्यांच्या शेवेकडे बोट दाखवत राहिला. पोह्यांवर भुरभुरायच्या जिरावणाची, म्हणजे खारट मसाल्याची, बाटली मी डाळींच्या डब्यांमागे दडवली. इंदुरात राहून हा माणूस नुसते लिंबू पिळून पोहे खात असे, तरी दर तपासणीला ‘काका, चोरून खाता ना?’ हा प्रश्न ठरलेला. रात्री पोटऱ्यांत गोळे येत, तर तेही म्हणे वयामुळे. अखेर एका तरुण डॉक्टरीणबाईंनी पोटॅशियम तपासले, ते २.८, म्हणजे फारच कमी, निघाले, मग रेनिन आणि अल्डोस्टेरॉन यांची एकत्र तपासणी झाली. रेनिन जवळजवळ नाहीच, अल्डोस्टेरॉन मात्र भरमसाट! डाव्या मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीत वाटाण्याएवढी गाठ होती आणि ती रेनिनला न जुमानता अल्डोस्टेरॉन सोडत होती. जेरोम कॉन यांनी हा विकार १९५५ मध्येच वर्णिला आहे; नऊ वर्षांत एका रक्ततपासणीची आठवण कुणालाही होऊ नये? शस्त्रक्रियेनंतर आता एकच गोळी चालू आहे.

मीठ बेताने खावे, याला माझा विरोध नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमांहून कमी सांगते, आणि अल्डोस्टेरॉन वाढलेल्यांना तर मीठ अधिकच बाधते. मग आपल्या विद्वान लेखकांनी ‘सैंधव मनसोक्त वापरा’ हा सल्ला कोणत्या आधारावर दिला? सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते. उपासाच्या खिचडीत चालते म्हणून रक्तदाब त्याला सवलत देत नाही.

चौकटीतील चूक तेवढ्याच ठळक चौकटीत दुरुस्त करावी, ही विनंती. शिवाय गेल्या दोन रविवारांच्या शब्दकोड्यांची उत्तरेही आपण छापलेली नाहीत. माझा आडवा सात अजून रिकामा आहे.

आपली,
एक जुनी वाचक, इंदूर