धर्माचा अभ्यास पदवीला मुख्य विषय हवा

माननीय संपादक,

बारावीचा निकाल लागला की ओळखीची मुले आईवडिलांना घेऊन सल्ल्यासाठी घरी येतात. यंदा गल्लीतल्या एका मुलीने विचारले, "मॅडम, मला धर्म या विषयात बी.ए. करायचंय. कुठं मिळेल?" तिची आई धास्तावून म्हणाली, "कीर्तनकार व्हायचंय की काय हिला?" तसे काही नव्हते. तिच्या आजोळी आषाढीला वारी चुकत नाही आणि उरुसाला दर्ग्यावर गलेफही चढतो. हे कधीपासून आणि का, एवढेच तिला शोधायचे होते. मी तिला इतिहास किंवा तत्त्वज्ञान सुचवले, पण त्याने ना तिचे समाधान झाले ना माझे.

ॲन फेल्डहाऊस यांनी महानुभाव पंथावर आणि महाराष्ट्रातल्या नद्या-तीर्थांवर आयुष्यभर काम केले, ते अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठात धर्माभ्यासाच्या प्राध्यापक म्हणून. तिथल्या कितीतरी विद्यापीठांत हा पदवीचा मुख्य विषय आहे. लीळाचरित्र ज्या भाषेत घडले त्या भाषेतल्या मुलीला मात्र आपल्याकडे 'जवळचा दुसरा विषय घे' असे सांगावे लागते, याचे मला फार वाईट वाटते.

घटनेचे कलम 28 आडवे येते, असे काही सहकारी म्हणत. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिकवण देता येत नाही, हे खरे आणि योग्यही. पण धर्मांविषयीचा अभ्यास त्या मनाईत येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली अरुणा रॉय खटल्यात स्पष्ट केले आहे. त्याच्या कितीतरी आधी, स्वातंत्र्यानंतर विद्यापीठ शिक्षणासाठी नेमलेल्या राधाकृष्णन आयोगाने पदवीच्या तीन वर्षांची आखणीच करून दिली होती: पहिल्या वर्षी थोर धर्मपुरुषांची चरित्रे, दुसऱ्या वर्षी धर्मग्रंथांतले निवडक उतारे, तिसऱ्या वर्षी धर्माच्या तत्त्वज्ञानातले मुख्य प्रश्न. तो अहवाल कपाटात राहिला. फलज्योतिषाला मात्र 2001 साली अनुदान आयोगाने विद्यापीठात जागा दिली.

तिसऱ्या वर्षाला शिकवताना मी फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण वर्गात नेत असे. 'जैसी पुष्पांमाजी पुष्प मोगरी' ही ओवी मुलांना पाठ असायची, मराठी भाषा दिनाला फळ्यावर लिहून लिहून. ती येशूच्या पुराणातली आहे, हे कळले की वर्ग सावरून बसे. मग प्रश्न सुरू होत. इंग्लंडात जन्मलेल्या जेझुइटाने दहा हजारांवर ओव्या कोणासाठी रचल्या? स्वर्गाला वैकुंठ का म्हटले? 1616 साली गोव्यात ही मराठी छापली ती रोमन लिपीत का? नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणे सुटली होती, त्यांच्या कानाला ओवीची सवय होती, इथपर्यंत मुले आपली आपण पोचत. माळकरी घरातला मुलगा, बौद्ध मुलगी आणि चर्चला जाणारा मुलगा एकाच ओवीवर हिरिरीने भांडत, आणि कोणाच्या भावना दुखावल्याचे मला आठवत नाही, कारण पुस्तक सगळ्यांसमोर उघडे असे. पण हा तास अभ्यासक्रमात नव्हता, मी तो चोरून घेत असे.

मुख्य विषय झाला तर असे तास हक्काचे होतील. श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद, कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंची मराठी कीर्तने, 14 ऑक्टोबर 1956 चे नागपूर, हे सारे मुले मूळ साधनांतून वाचतील. पाली, अर्धमागधी, फारसी यांपैकी एक भाषा सक्तीची हवी. भाषेवाचून हा विषय नुसत्या गप्पांचा होईल. शिकवणाऱ्याने कोणाची श्रद्धा वाढवायची नाही की मोडायची नाही, हे नियमातच लिहिलेले बरे.

नोकरीचे काय, असे पालक विचारतील. मिरवणुकीचा मार्ग ठरवणारा अधिकारी, देवस्थानाचा खटला चालवणारा वकील, सणांची बातमी देणारा पत्रकार, यांना हा अभ्यास रोज लागतो.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे अभ्यासक्रम नाहीतरी नव्याने बांधले जात आहेत. विद्यापीठांच्या विद्या परिषदांनी हा प्रस्ताव आताच घ्यावा आणि निदान एका महाविद्यालयात पुढच्या जूनपासून वर्ग सुरू करावा. पहिल्या वर्षी मुले थोडी येतील, म्हणून तुकडी बंद करू नये.

– तत्त्वज्ञानाची एक निवृत्त प्राध्यापिका, बार्शी