नव्या फ्लॅटच्या भिंतीत दोन भोके ठेवा

संपादक महोदय,

थंडी पडली की पुण्याच्या हवेच्या बातम्या येऊ लागतात आणि लोक खिडक्या लावून एअर प्युरिफायर सुरू करतात. धुळीपुरते ते ठीक आहे. पण प्युरिफायर काय किंवा स्प्लिट एसी काय, खोलीतलीच हवा फिरवत राहतात. बाहेरची हवा आत आणणे त्यांचे कामच नाही, हे अजून पुष्कळ घरांत माहीत नसते. ते काम करणारे यंत्र वेगळे असते. त्यासाठी नव्या फ्लॅटच्या भिंतीत आधीच दोन भोके ठेवावीत, हे सांगायला हे पत्र.

१० बाय १२ फुटांच्या बेडरूममध्ये साधारण ३० घनमीटर हवा मावते. झोपलेली दोन माणसे मिळून तासाला २४-२५ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतात. दारे-खिडक्या घट्ट असतील तर दर तासाला ८०० पीपीएमची (हवेच्या दहा लाख भागांत ८०० भागांची) भर पडते. बाहेरच्या हवेत हे प्रमाण ४२०च्या आसपास असते. फटींतून थोडी हवा बदलते हे धरले, तरी पहाटेपर्यंत आकडा २००० ओलांडणे अगदी नेहमीचे. मोजायचे असेल तर एनडीआयआर (इन्फ्रारेड प्रकाशाने वायू मोजणारा) सेन्सर असलेलाच मीटर घ्यावा. स्वस्तातले बरेच मीटर कार्बन डायऑक्साइड मोजतच नाहीत, दुसऱ्या वायूंवरून अंदाज छापतात. मीटर उशीपासून तीनेक फूट लांब ठेवावा, नाहीतर तो आपला श्वासच मोजतो.

ज्यांच्या खिडकीबाहेर शांत गल्ली आणि दोन झाडे आहेत, त्यांनी यंत्राच्या खर्चात पडू नये. धुळीने बुजलेल्या डासांच्या जाळ्या महिन्यातून एकदा काढून धुवाव्यात आणि समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडाव्यात. थंडीत मात्र वेळ पाहावी. पहाटे जमिनीलगतची गार हवा धूर आणि धूळ खालीच धरून ठेवते. ऊन तापले की ती वर उठते. त्यामुळे घर मोकळे करायला दुपारी १ ते ४ ही वेळ चांगली.

प्रश्न आहे तो हमरस्त्याला लागून किंवा वाघोली, पुनावळेसारख्या भागांत चालू बांधकामांच्या शेजारी राहणाऱ्यांचा. त्यांनी खिडकी उघडायची तरी कशी? त्यांच्यासाठी हीट रिकव्हरी व्हेंटिलेशन (एचआरव्ही) खरोखर उपयोगी आहे. एका पेटीत दोन पंखे असतात: एक बाहेरची हवा गाळून आत सोडतो, दुसरा आतली शिळी हवा बाहेर टाकतो. मध्ये पातळ पापुद्र्यांचा गाभा असतो. दोन्ही प्रवाह त्यातून एकाआड एक थरांनी जातात. हवा मिसळत नाही, उष्णता तेवढी इकडून तिकडे जाते. एचआरव्हीत हे पापुद्रे प्लास्टिकचे किंवा ॲल्युमिनियमचे असतात. ईआरव्ही, म्हणजे एनर्जी रिकव्हरी व्हेंटिलेशन, या दुसऱ्या प्रकारात ते बाष्पही पार होऊ देतात, आणि पुण्यात एसीच्या खोलीसाठी ईआरव्हीच घ्यावा. पावसाळ्यात बाहेर २६ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असताना तासाला ६० घनमीटर हवा आत घेतली, तर तिच्याबरोबर तासाला जवळपास अर्धा लिटर जादा पाणी खोलीत येते. एचआरव्ही ते अडवत नाही. ईआरव्ही त्यातले निम्म्याच्या आसपास बाहेरच परतवतो.

वीजबिल वाचेल असे सांगून कोणी हे यंत्र विकत असेल, तर आकडे मागावेत. एप्रिलच्या दुपारी बाहेर ४० आणि आत २६ अंश असताना ६० घनमीटर हवेमागे सुमारे २५० वॉट उष्णता आत येते. त्यातली ७० टक्के अडवली, तरी एसी एका वॉट विजेत तीनेक वॉट उष्णता उपसत असल्याने त्याची वीज वाचते ५० वॉटच्या आसपास. यंत्राचे दोन पंखे साधारण तेवढीच खातात. शिवाय उन्हाळ्यातही पुण्याची रात्र बऱ्यापैकी गार होते. तेव्हा गाभ्याला वळसा घालून गार हवा थेट आत घेणारा बायपास हवाच. पैसे मोजायचे ते गाळलेल्या ताज्या हवेसाठी.

माणशी तासाला ३० घनमीटर धरावे. दोघांच्या बेडरूमला ६० मिळाले की कार्बन डायऑक्साइड ८०० ते ९०० पीपीएमवर स्थिरावतो. पेटीवर छापलेला आकडा मात्र पाइप न जोडता मोजलेला असू शकतो. म्हणून ६०ची गरज असेल तर १००चे यंत्र घेऊन मधल्या वेगावर चालवावे. आवाजही कमी होतो.

आता बिघडते कुठे ते. सर्वांत मोठी चूक हवा घेण्याच्या जागेत होते. भोक पाडणे सोपे म्हणून मिस्त्री ते ड्राय बाल्कनीत पाडतो, आणि तिथेच गॅस गिझर व चिमणीचे तोंड असते. किंवा ते बाथरूमच्या डक्टमध्ये उघडते; मग साऱ्या इमारतीच्या संडासांची हवा आपण फिल्टर लावून बेडरूममध्ये घेतो. हवा घेणारे तोंड उघड्या भिंतीवर हवे, टाकणाऱ्या तोंडापासून किमान २ मीटर दूर. दोन्ही पाइपांना बाहेरच्या बाजूला मीटरमागे १ सेंटिमीटर उतार द्यावा. नाहीतर जुलैत वाऱ्याबरोबर आलेले पाणी थेट फिल्टरपर्यंत पोचते आणि फिल्टर बुरसतो. घड्यांचा लवचिक पाइप जमेल तेवढा टाळावा. १०० मिलिमीटरचा गुळगुळीत पीव्हीसी पाइप हवेला कमी अडवतो.

स्वयंपाकघराची हवा ईआरव्हीला जोडू नये. फोडणीचे तेल गाभ्यावर बसले की तो धुताही येत नाही. बाथरूमचा एक्झॉस्टही वेगळाच ठेवावा.

फिल्टर दोन लागतात: पुढे जाडसर जी-४, मागे बारीक एफ-७. बांधकामाशेजारी जी-४ दर महिन्याला झटकून धुवावा, एफ-७ सहा महिन्यांनी बदलावा. तो बुजला की आत येणारी हवा घटते, बाहेर जाणारी तेवढीच राहते आणि घर हवेला भुकेले होते. मग ती खिडक्यांच्या फटींतून, बाथरूमच्या जाळीखालच्या कोरड्या पडलेल्या नहाणी ट्रॅपमधून ओढली जाते. घरात गॅस गिझर असेल तर हे जिवावरचे आहे, कारण त्याचा धूर आणि त्यातला विषारी कार्बन मोनॉक्साइड उलटा आत येऊ शकतो. तपासणी सोपी आहे. सगळ्या खिडक्या लावून यंत्र सुरू करावे आणि मुख्य दाराच्या फटीशी पेटती उदबत्ती धरावी. धूर जोरात आत वळला तर फिल्टर पाहावा, मग पंख्यांचा वेग जुळवावा. बेडरूमच्या दाराखाली २ सेंटिमीटर फट हवी, म्हणजे हवेला परतीची वाट राहते.

हे सगळे राहत्या घरात करायचे तर कोअर कटिंग (यंत्राने भिंतीला गोल भोक पाडणे), सोसायटीची एनओसी, आणि तुळई लागू नये म्हणून काढलेला नकाशा. अनेक घरांत काम इथेच थांबते. काही जण सरकत्या खिडकीची एक काच काढून तिथे भोके असलेला पत्रा बसवतात. तो चालतो, पण मोठ्या पावसात हमखास गळतो.

म्हणून आमची बिल्डरांना आणि फ्लॅट बुक करणाऱ्यांना विनंती आहे. वीटकाम चालू असतानाच प्रत्येक बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीत, लिंटेलच्या (खिडकीवरच्या आडव्या तुळईच्या) वर, १२५ मिलिमीटर पीव्हीसीचे दोन तुकडे उतार देऊन बसवा. त्यांच्यात २ मीटर अंतर ठेवा, बाहेरून टोपी आणि जाळी लावा, शेजारी एक इलेक्ट्रिक पॉइंट द्या आणि ताबा देताना द्यायच्या नकाशात जागा दाखवा. कोणी यंत्र बसवेपर्यंत आतून झाकण लावून ठेवता येते. भिंत उभी राहत असताना हे काम एका दुपारचे आहे.

– वातानुकूलन व वायुवीजन क्षेत्रातील अभियंते, पुणे